टिटवी लिहा, शेजारीण नको

पत्र थोडक्यात असं आहे. जळगावच्या कडेला, नव्या एन.ए. प्लॉटच्या कॉलनीत राहणाऱ्या एक ताई. पन्नाशी ओलांडलेली, माहेर रावेरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. मिस्टर एसटीतून रिटायर झालेत, मुलगी पुण्याला नोकरीला. ताईंना सवय अशी की दिवसभरात जे दिसेल ते मुलीच्या शाळेच्या उरलेल्या वह्यांमध्ये लिहून ठेवायचं. निंबाला मोहोर कधी आला, नळाला पाणी किती वाजता आलं, भंगारवाल्यानं स्पीकरवरचं रेकॉर्डिंग बदललं, बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर टिटवीनं अंडी घातली. आणि मधेच कुठंतरी, "समोर रात्री साडेअकराला गाडी आली, मोठ्यानं बोलणं, सकाळी वहिनींचे डोळे सुजलेले." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एकीच्या हाताला फ्रिजवर ठेवलेली वही लागली, तिनं नेमकं तेच पान वाचलं आणि भिशीच्या ग्रुपवर झालं की काकू सगळ्यांचं लिहून ठेवतात. यंदा बिबड्यांना, म्हणजे ज्वारीचे पापड करायला, कोणी बोलावलं नाही. मिस्टर म्हणतात वह्या जाळून टाक. मुलगी म्हणते इन्स्टावर पेज काढ, लोकांना असलंच साधं बघायला आवडतं. ताईंचा प्रश्न, "मी खोटं काहीच लिहिलं नाही, कोणाला सांगितलं पण नाही. रिकामी असते म्हणून लिहिते. माझं काय चुकलं, आणि आता बंद करू का?"

ताई,

तुम्ही पत्रासोबत चार-पाच पानांचे फोटो पाठवले ते बरं केलं, कारण नुसत्या पत्रावरून मला वाटलं असतं की हा कॉलनीतला नेहमीचा मानापमानाचा मामला आहे. पण टिटवीच्या पानावर मी थांबले. तुम्ही लिहिलंय, "दुपारी आपली टाकी ओव्हरफ्लो झाली की ती येते, साचलेल्या पाण्यात पोट टेकवून बसते आणि तशीच ओली जाऊन अंड्यांवर बसते." एवढं लिहून खाली लगेच दुधाचा हिशोब. अहो, पक्ष्यांचा अभ्यास करणारी माणसं हेच बघायला ऊन्हातान्हात बसतात! टिटवी खडीत, उघड्यावर, साध्या खळग्यात अंडी घालते, बहुतेक वेळा चार, खड्यांच्याच रंगाची, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला टेकला की त्या खडीवर अंडी उकडायला वेळ लागणार नाही, म्हणून ती पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. तुम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं, तुम्ही गॅलरीतून बघितलं आणि आधी टाकी, मग पोट, मग अंडी हा क्रम बरोबर लावला. बाकीची कॉलनी ती ओरडली की अपशकुन म्हणून दगड मारत असेल.

म्हणून "रिकामी असते म्हणून लिहिते" हे वाक्य मला पटलं नाही. तुमच्याच पानांवरून तुमचा दिवस दिसतो की. पहाटे नळ, मग डबा नाही पण मिस्टरांचा नाश्ता, दुपारी पापड-कुरडया, संध्याकाळी अंगणात सडा, आणि हे सगळं उरकून त्यात लिहिणं. रिकाम्या बाईचं वेळापत्रक असं नसतं. आपल्याकडं बाईला एखाद्या गोष्टीची आवड आहे असं सरळ म्हणवत नाही, मग ती आधीच स्वतःला रिकामी ठरवून घेते म्हणजे दुसऱ्यानं म्हणायला नको. पुरुष भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून इंजिनांचे नंबर टिपतो तेव्हा तो हौशी असतो. तुम्हीही हौशी आहात. मिस्टरांनी विचारलं की काय करतेस, तर "लिहितेय" एवढंच सांगा, पुढं कारण जोडायची गरज नाही.

आता जरा कडू बोलते.

तुमचं दुसरं वाक्य, "खोटं काही लिहिलं नाही." मान्य. पण समोरच्या वहिनींचा राग तुम्ही खोटं लिहिलं म्हणून आहे का? उलट खरं लिहिलं म्हणूनच जास्त आहे. खोटं असतं तर त्यांनी चारचौघीत हसून उडवून लावलं असतं. त्या रात्री त्यांच्या घरात काय झालं ते त्यांनी सकाळी चेहऱ्यावर पाणी मारून झाकलं, दार उघडलं, रांगोळी काढली, आणि ते झाकलेलं तुमच्या वहीत तारीख-वारासकट उघडं निघालं, तेही तिसऱ्याच बाईच्या हातात. तुम्ही कोणाला सांगितलं नाही हे खरं आहे, पण वही फ्रिजवर होती आणि फ्रिज आपल्याकडं हॉलमध्येच असतो. हळदीकुंकवाला पंचवीस बायका येणार हे तुम्हाला माहीत होतं.

याच्यावर तुम्ही म्हणाल, बाकीच्या काय बघत नाहीत का? बघतात ना. खेड्यात तर ओटा त्यासाठीच असतो, कोण कोणाकडं गेलं, कोणाची सून किती वाजता उठली, सगळी खबर तिथं. रावेरच्या बाजूला तुम्ही हेच बघत मोठ्या झालात. पण ओट्यावर बोललेलं संध्याकाळपर्यंत बदलतं, विरून जातं, आणि मुख्य म्हणजे तिथं सगळ्याच एकमेकींचं बोलतात, म्हणजे हिशोब सारखा. वहीत हिशोब एका बाजूचाच राहतो. तुमच्याकडं त्यांची तारीख आहे, त्यांच्याकडं तुमची नाही. गंमत बघा, तुमच्याच पत्रात आहे की गल्लीत तिघांनी सीसीटीव्ही लावलेत आणि ते सरळ रस्त्यावर रोखलेले आहेत, चोवीस तास. त्या कॅमेऱ्यांमध्ये वहिनींकडची ती गाडीही आली असणारच. त्यांच्याशी कोणी बोलणं बंद केलं नाही. कारण कॅमेरा "डोळे सुजलेले" असं लिहीत नाही. तेवढे दोन शब्द बघणारीचे आहेत आणि बोचतात तेच.

अजून एक गोष्ट, जिच्याकडं तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही आणि मला मात्र सगळ्यात जास्त तीच खटकली. एका पानावर आहे, अमुक घर दुपारी दोन ते पाच बंद असतं, तमुक मंडळी लग्नाला सुरतला गेली, आठवड्यानं येणार, चावी बाजूला दिली. ताई, ही वही चुकून रद्दीत गेली तर? नव्या कॉलन्या, अर्धे प्लॉट रिकामे, लाइट कुठं आहे कुठं नाही, बंद घरं फुटतात ती अशीच माहिती कुठून तरी कळून. तुमच्या मनात काही नाही हे मला कळतं, पण कोणाचं घर कधी बंद असतं हे कागदावर असूच नये, तुमच्या नाही आणि कोणाच्याच नाही. हे असं लिहिणाऱ्या इतर वाचकांनाही सांगते, आणि व्हॉट्सॲपवर "आम्ही निघालो चारधामला" टाकणाऱ्यांनाही.

मग वह्या जाळायच्या का? अजिबात नाही. मिस्टरांचा सल्ला घाबरून आलेला आहे. सगळा जन्म डेपोत चार माणसांत गेला, आता रिटायर होऊन घरी बसले आणि बसल्या बसल्या कॉलनीत नाव खराब झालं, त्यांना पहिल्यांदा शेजार लागतोय आणि नेमका तोच तुटला, त्यांचं तरी काय चुकलं. पण जाळल्यावर लोक काय म्हणतील ते पण विचार करा, "बघा, काहीतरी होतंच म्हणून जाळल्या." शिवाय त्यात जे चांगलं आहे तेही जाईल. जपानात क्योटो शहरात चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी 9व्या शतकापासूनच्या मिळतात, आणि त्या कोणी हवामानखात्यासाठी ठेवलेल्या नव्हत्या. दरबारातले लोक, भिक्षू, आपापल्या रोजनिशीत आज फुलं बघायला गेलो असं लिहून ठेवायचे, आणि आता हवामान किती बदललं, बहर किती अलीकडं सरकला हे त्याच ओळींवरून काढतात. तुमच्या निंबाच्या मोहोराचं कोणी असं काही करेल की नाही ते सोडा, नाही केलं तरी चालेल. पण तुम्ही सलग कित्येक वर्षं एकाच झाडाकडं बघितलंय, ते परत विकत मिळत नाही.

आता कोणी म्हणेल की जुन्या रोजनिशांमध्ये भांडणं पण असतात आणि इतिहासवाले तीच आवडीनं वाचतात. असतात. इंग्लंडच्या सॅम्युअल पेपिसनं 1660 ते 1669 अशी रोजनिशी लिहिली, त्यात लंडनची आगसुद्धा आहे आणि घरातल्या-शेजारातल्या नाही नाही त्या गोष्टीपण आहेत, पण गडी शॉर्टहँडमध्ये लिहायचा, कोणाच्या हाती पडली तरी वाचता येऊ नये म्हणून. आणि ती छापली गेली तेव्हा त्यातलं कोणी जिवंत नव्हतं. तुमच्या वहिनी तर उद्या सकाळी नळावर भेटणार आहेत. अगदीच राहवत नसेल तर मोडी शिका, शिकवणारे आहेत अजून.

मुलीचं म्हणणं पण बघू. तिचा हेतू चांगला आहे, आईला कोणीतरी वाचावं असं तिला वाटतं, हे किती जणींच्या नशिबी असतं. पण आत्ता पेज काढू नका. ज्या बायकांना वाटतंय की काकू आपलं लिहितात, त्यांना उद्या कळलं की काकू ते इंटरनेटवर टाकतात, मग संपलंच. आणि गल्लीचा साधा व्हिडिओ काढला तरी त्यात कोणाचं पोर सायकलवर, कोणाची गाडी नंबरसकट, कोणी गाऊनवर झाडू मारताना, हे येतंच. थोडं थांबा. तोपर्यंत रोज रात्री मुलीला एक ओळ पाठवा, फक्त एक, "आज सूर्यपक्षी जास्वंदीवर आला, नर, काळा-जांभळा चमकणारा." तिला पुण्यात फ्लॅटमध्ये बसून ती ओळ वाचायची असेल, बाकी दहा हजार फॉलोअर्सना नसली तरी चालेल.

टिटवीसारख्या नोंदी कुठंतरी जाव्यात असं वाटत असेल तर त्यासाठी जागा आहेत, मुलीला विचारा ती फोनमध्ये लावून देईल. ईबर्ड म्हणून आहे, तिथं कोणता पक्षी, कुठं, किती वाजता, किती दिसले एवढं टाकायचं, साध्या माणसांनी टाकलेलंच असतं ते. फेब्रुवारीत चार दिवस घराच्या आसपासचे पक्षी मोजायचा उपक्रम असतो, त्यात पंधरा मिनिटं गॅलरीत उभं राहिलं तरी पुरतं, म्हणजे तुम्ही रोज करता तेच. झाडांसाठी सीझनवॉच आहे, एक झाड धरायचं, आठवड्यातून एकदा बघायचं, कोवळी पानं आली का, फुलं आली का, फळं किती. निंब, आंबा, चिंच, बहावा, आपल्या गल्लीतलीच झाडं. तिथं कोणाच्या डोळ्यांचा रकाना नाही.

वही मात्र वेगळी ठेवा, कारण वहीत जे येतं ते ॲपमध्ये येणार नाही. दादर ज्वारीची पोती कोणत्या आठवड्यात आली, भरताची हिरवी-पांढरी वांगी पहिल्यांदा कधी दिसली आणि कोणाच्या मळ्यातून काड्यांवर भाजल्याचा वास कॉलनीत आला, मेहरूणची बोरं गाडीवर कधी लागली आणि यंदा काय भाव, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून कोणत्या झाडाला झोका बांधतात, पहिलं वावधन, म्हणजे वादळ, कधी झालं आणि माहेरी केळी किती पडली. माझ्या ओळखीत एक काका आहेत धुळ्याला, देवपूरला, ते एका जाड वहीत एका तारखेला एक पान देतात, आणि दरवर्षी त्याच पानावर खाली दोन ओळी. पाचव्या वर्षापासून मजा येते म्हणतात, 12 मार्च उघडलं की पाचही वर्षांचे 12 मार्च एकाखाली एक. तुम्हाला आवडेल असं वाटतं. मोठी डायरी नको, दोनशेपानी दोन वह्या शिवून घेतल्या तरी वर्ष बसतं.

आणि माणसं लिहायचीच नाहीत का, तर लिहा, माणसांशिवाय गल्ली कसली. फक्त दाराच्या बाहेरचं लिहा, आतलं नको. घंटागाडीवाला आज गाणं बंद करून हाका मारत आला, इस्त्रीवाल्याकडं लग्नसराईची गर्दी, समोरच्या आजोबांनी नवीन टोपी घातली आणि तीनदा गेटपर्यंत येऊन गेले. हे त्या आजोबांसमोर वाचून दाखवलं तर ते खूश होतील, आणि हीच परीक्षा लावा, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला दाखवता येईल का. नाही येणार असं वाटलं तर पेन खाली ठेवा. कधी मन भरून आलं, शेजारणीचं दुःख बघून झोप लागली नाही, तर ते वहीत टाकू नका, तिच्याकडं वाटी घेऊन जा. साखर मागायला म्हणून जा हवं तर. त्या सकाळी डोळे सुजलेले तुम्हाला दिसले होते, ताई. कदाचित गल्लीत फक्त तुम्हालाच दिसले असतील. तुम्ही लिहिलं, पण गेला नाहीत. मला वाटतं वहिनींना हेच जास्त लागलं असेल, मी त्यांच्या जागी असते तर मला तरी लागलं असतं.

त्यामुळं आता जायचं. ग्रुपवर माफीनामा टाकू नका, तिथं चार जणी हात जोडल्याचं चिन्ह टाकतील आणि बाकीच्या स्क्रीनशॉट काढतील. मिस्टरांना पण सोबत नेऊ नका, पंचायत वाटते. दुपारी त्यांच्याकडचे पुरुष कामावर असतील तेव्हा एकट्या जा आणि ते पान काय होतं, का लिहिलं, वाचणारीनं किती वाढवून सांगितलं, यातलं काही काढू नका. "तुमच्या घरातलं मी लिहायला नको होतं, ते पान काढून टाकलंय, परत तसं होणार नाही," बस. पान घरीच फाडून जा, त्यांच्यासमोर फाडायचं नाटक करू नका. त्या रात्रीचं त्यांनी स्वतः काढलं तर ऐका, नाही काढलं तर विचारू नका. चहा दिला तर प्या. दारातून परत पाठवलं तरी या परत, राग बसायला महिना दोन महिने लागतात, कॉलनीत कोणी कुठं जात नाही, सगळ्यांचे हप्ते चालू असतात.

जिनं वही उघडून वाचली तिचं काय, असं तुम्ही विचारलं नाही पण मला दिसतंय तुमच्या मनात ते आहे. दुसऱ्याच्या घरातली वही उघडणं वाईटच. पण आत्ता ते भांडण उकरलं तर तुमची माफी फुकट जाईल. ते पोटात ठेवा. तिला पुढच्या हळदीकुंकवाला पहिलं बोलवा, बघा कशी बसते.

आणि बिबड्यांचं. "कोणी बोलावलं नाही" असं तुम्ही लिहिलंय, पण त्याच पत्रात खाली आहे की कोपऱ्यावरच्या दोघी अजून नेहमीसारख्या बोलतात आणि त्यातल्या एकीनं विचारलं, "काकू, तुमची ज्वारी भिजवली का नाही अजून?" माय, हे बोलावणं नाही तर काय आहे? लोकांना सरळ बोलवायला अवघड जातं अशा वेळी. तुमच्या घरी भिजवा ज्वारी आणि त्या दोघींना तुम्ही बोलवा. बिबडे एकटीनं होत नाहीत, घाटा, म्हणजे शिजवलेलं पीठ, घोटायला एक दमदार हात लागतो, गच्चीवर ओल्या कापडावर थापायला दोन जणी तरी पाहिजेत, आणि ऊन चढायच्या आत सगळं उरकावं लागतं. घोटायला मिस्टरांना लावा, एसटीतल्या माणसाला ताकद असते. लसूण-तीळ जास्त टाका, म्हणजे गरम घाटा वाटीत घेऊन खायला गल्लीतली पोरं आपोआप जिना चढून येतील, आणि पोरं आली की त्यांच्या आया त्यांना न्यायला येतातच. वहिनींकडं एक वाटी पोराच्या हातूनच पाठवा. तीळतेलाची धार वरून सोडून.

त्या दिवशीचं लिहा वहीत, किती बिबडे झाले, वारा कोणत्या बाजूनं होता, कावळ्यांनी किती नेले. फक्त आता वही फ्रिजवर नको, गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवा, आणि चावी मिस्टरांकडं देऊ नका.